सिंगापूर ते ढाणकी, मधले थांबे

धर्मपाल कंडक्टरला कुणी अंतर विचारलं की त्याचा चेहरा खुलायचा. उमरखेड डेपोत चौतीस वर्षं काढलेला माणूस तो. ढाणकीहून हिमायतनगर किती, असं नुसतं विचारा. तो किलोमीटर सांगणार, मिनिटं सांगणार, मधले थांबे सांगणार आणि वर कोणत्या फाट्यावर भजी ताजी मिळतात तेही सांगणार. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी दारावरून एस.टी. गेली की हा आधी मनगटावरचं घड्याळ बघायचा आणि "अकरा मिनिटं लेट" असं स्वतःशीच पुटपुटायचा. बायको होती तोवर म्हणायची, "तुमचा जीव बसमंधी आन शरीर घरात." तो हसायचा. खोटं थोडीच होतं!

त्याला एकाच गोष्टीचा गर्व होता. हात दाखवलेला प्रवासी त्यानं कधी सोडला नाही. गाडी ठासून भरलेली असो, ड्रायव्हर कुरकुरत असो, रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन एखादी म्हातारी उभी दिसली की धर्मपालची घंटी वाजलीच. आणि ती चढून, टेकून बसेपर्यंत डबल बेल नाही. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला, एवढाच त्याचा धर्म. अंगारे-धुपारे, लिंबू-मिरच्या असलं त्याच्या घरात कधी शिरलं नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली एस.टी.चं जुनं वेळापत्रक. दोन्हींवर त्याचा सारखाच विश्वास.

मथुराबाई ही त्याची मोठी बहीण. तो तिला 'बाई'च म्हणायचा. आई लवकर गेली, तेव्हा अकरा वर्षांच्या या पोरीनं दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन मोठं केलं. तिचं घर त्याच्या घरापासून दोन दारं सोडून. घरात ती आणि सून दीपा. मुलगा रोशन सिंगापूरला, जहाजाच्या कारखान्यात वेल्डर. दोन वर्षं झाली, त्याचं तोंड तिनं पाहिलं ते फक्त फोनमध्ये.

डिसेंबरात कापसाची तिसरी वेचणी चालू असताना बाईनं अंथरूण धरलं. नांदेडच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की हृदय थकलंय, घरी न्या, चार-सहा दिवस आहेत. घरात कापूस भरलेला, म्हणून तिची लोखंडी खाट बाहेरच्या छपरीत टाकली. तिचं एकच चाललं होतं: "रोशन कवा येते?"

रोशनला आठ दिवसांची सुट्टी मिळाली. दीपानं फोनवर तिकीट उघडलं आणि ती बुचकळ्यात पडली.

"मामाजी, दहाले निघते आन बाराले हैदराबादले पोचते म्हणे. दोनच तास? आपल्याले नांदेडले जाले याच्यावर लागतात."

धर्मपालनं चष्मा चढवला. असल्या प्रश्नासाठी तर तो जन्मला होता. "तसं नाही, पोरी. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं असते. त्यांचे दहा म्हणजे आपले साडेसात. खरा टाइम साडेचार तास. तेहतीसशे किलोमीटर हाये इथं लिवलेलं. म्हणजे ताशी सव्वासातशेच्या वर. हैदराबादहून आपल्या गावच्या फुलचंदची जीप, सात तास धर. संध्याकाळी सातले पोरगं घरात."

खाटेवरून बारीक आवाज आला. "मधात कुठं कुठं थांबते, धरमा?"

"नाही थांबत, बाई. डायरेक्ट हाये."

"साडेचार तास? बिनाथांब्याची?"

"खाली समुद्र हाये नं. कुठं थांबन?"

"मंग पोरगं पाणी कुठं पिते?"

यावर धर्मपालला हसू आलं, पण बाई हसत नव्हती. तिचा दम लागत होता. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा ती बोलत होती.

"धरमा, इतका टाइम मले एकदम नाही काढता येत रे. तू तुकडे पाडून दे. थांबे सांग. एक थांबा आला की दुसऱ्याची वाट पाहीन. तसा दम धरतो मी."

आता समुद्रावर थांबे कुठून आणायचे? चौतीस वर्षांत धर्मपालनं खोटा थांबा कधी पुकारला नव्हता. पण ही बहीण होती, आणि तिला मुलगा दिसेपर्यंत जगायचं होतं. त्यानं खाटेशेजारी स्टूल ओढलं आणि तोंडाला आली ती नावं घेतली. "सिंगापूरहून निघाली की पह्यला मिठागर फाटा. मंग विहीरगाव. तिथं पाणी हाये, पोरगं पिईन. मंग पांढरवाडी. तिथून एक तास हैदराबाद."

"मिठागर फाटा, विहीरगाव, पांढरवाडी," बाई म्हणाली. पाठ करणाऱ्या पोरीसारखी तिनं ती तीन नावं दोनदा म्हटली आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला धर्मपालनं बाईला पाणी पाजायचा स्टीलचा चमचा उचलला आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा मारला. टण्, टण्.

"चला! सिंगापूर सुटलं."

बाईच्या ओठांच्या कडा हलल्या. दीपा पायथ्याशी बसली होती. तिच्या फोनवर निळा समुद्र आणि त्यावर पिवळं, बोटाच्या नखाएवढं विमान दिसत होतं. खाली वेग, उंची, पोचायची वेळ, सगळं लिहून येत होतं. काय काय निघालंय बाप्पा, असं म्हणून धर्मपालनं ते कौतुकानं पाहून घेतलं. ऊन अंगणात उतरलं होतं, तुरीला फुलं आली होती, शेजारी कुणीतरी शेंगदाणे भाजत होतं.

पावणेनऊला त्यानं एकदा चमचा मारला. टण्. "मिठागर फाटा!"

"कोण उतरलं?" बाईनं विचारलं.

"दोघं उतरले. रोशन खिडकीजवळ बसला हाये."

"हो. चौकडीचा सदरा घातला त्यानं," बाई म्हणाली.

दीपानं मान वर केली. सकाळी फोनवर रोशन चौकडीच्याच शर्टात होता, पण तेव्हा बाई झोपलेली होती. ती काही बोलणार तेवढ्यात तिची नजर फोनवर गेली.

"मामाजी, इमान उभं राह्यलं."

"नेट गेलं असन."

"नेट हाये. आत्ताच माह्या बहिणीचा मेसेज आला."

"मंग तिकडचं गेलं असन," असं म्हणत धर्मपालनं दोनदा चमचा मारला. पिवळं विमान सरकलं. "पाह्य, आलं नेट!"

दीपानं फोन मांडीवरून उचलून दोन्ही हातांत धरला.

दहाला दहा कमी असताना विहीरगाव आलं. बाईचा श्वास आता वरवर चालला होता, पण डोळे उघडे होते. आदल्या दिवसापासून तिला चमचाभर पाणीही गिळता येत नव्हतं. ओठ ओले करायचे, एवढंच. धर्मपालनं चमचा मारला. टण्.

"विहीरगाव! पाणी पिऊन घ्या, गाडी पाच मिनिटं थांबन!"

मग तो उठला आणि दीपाच्या मागे जाऊन उभा राहिला. कंडक्टरचं डोकं, खात्री करून घेतल्याशिवाय राहवेना. विमान समुद्राच्या मधोमध थांबलं होतं. वेगाच्या जागी शून्य होतं. उंची होती तेवढीच, पस्तीस हजार फूट. त्यानं मनगटावरचा सेकंदकाटा पाहिला. एक मिनिट झालं, दोन झाली. सेकंदकाटा नीट चालत होता. शेजारचे शेंगदाणे करपल्याचा वास आला.

खाटेवर बाईचा घसा हलला. एकदा, मग पुन्हा. कुणी पाणी पाजलेलं नव्हतं, तरी ती घोट घेत होती. हनुवटीवरून ओघळ खाली आला तो दीपानं पदरानं टिपला.

"गोड हाये," बाई म्हणाली. "समुद्रातलं असून गोड हाये रे."

धर्मपालनं घाईनं दोनदा चमचा मारला. शून्याच्या जागी आठशे बावीस आलं. विमान पुढं सरकलं. पोचायची वेळ आधी बारा होती, ती आता बारा वाजून सात मिनिटं दाखवत होती. मिठागर फाट्यावरची तीन आणि विहीरगावची चार. त्यानं हिशेब मनात केला आणि तो बरोबर आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बेरीज जुळल्याची भीती वाटली.

"मामाजी," दीपा हळू म्हणाली, "हे तुमी करून राह्यले का?"

"खुळी का तू? काहीतरीच!" तो तिच्यावर खेकसला. पण चमचा त्याच्या हातात ओला झाला होता, घामानं.

साडेदहाला शाम कंपाउंडर आला. गावातल्या दवाखान्यात वीस वर्षं काम केलेला, शहाणा माणूस. त्यानं बाईची नाडी धरली, पायांना हात लावला आणि धर्मपालला अंगणात घेऊन गेला.

"पाय थंड पडून राह्यले, काका. नाडी बसली. संध्याकाळ निघणं कठीण हाये."

"सातले येते पोरगं."

"सात लय दूर हाये. दोन-तीनपर्यंत काढलं तरी खूप झालं." शामनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवढं लवकर येईन तेवढं पाह्य."

धर्मपाल नळाशी उभा राहिला. तोंडावर पाणी मारलं. ज्या बाईनं स्वतःच्या ताटातली भाकर त्याला मोडून दिली, ती मुलगा मुलगा करत जाणार होती आणि तो थांबे पुकारत बसला होता. सात मिनिटं त्यानं घालवली होती. नेट म्हणा, काही म्हणा. आता एक मिनिटही नाही घालवायचं. गाडी एक्सप्रेस करायची.

अकराला पांढरवाडी यायची होती. तो स्टुलावर बसला आणि चमचा मुठीत घट्ट धरला.

"पांढरवाडी आली का?" बाईनं विचारलं.

"येऊन राह्यली, बाई. पण थांबत नाही आता. लेट झाली गाडी."

"थांबव नं. कोणी उभं हाये तिथं."

"कोणी नाही."

"पाह्य नीट. बाई हाये एक. हात दाखवून राह्यली."

मुठीतला चमचा धर्मपालनं छातीशी धरला, चुकूनही दांडीला लागू नये म्हणून.

"गाडी फुल्ल हाये, बाई. मागून दुसरी येईन."

"नाही येत रे मागून दुसरी. थांबव नं, बापा. थांबव."

त्यानं फोनकडे पाहिलं. पिवळं विमान संथ पुढं चाललं होतं, कुठंही न अडखळता. आणि खाटेवर बाईची मान हलली. रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस न थांबता गेलेल्या बसकडे पाहतो, तशी ती उजवीकडून डावीकडे वळली, अगदी हळू. शेवटी तोंड भिंतीकडे झालं. त्यानंतर ती बोलली नाही.

दहा मिनिटांनी शामनं नाडी धरली आणि त्याचे डोळे मोठे झाले. "अरे! हे काय? नाडी भरली. काका, निघाली बरं म्हातारी याच्यातून!"

दीपा रडायला लागली, आनंदानं. धर्मपालनं चमचा पाण्याच्या तांब्यात ठेवला आणि डोळे पुसले. विमान बारा वाजून सात मिनिटांनी उतरलं.

रोशन सातला पाच मिनिटं कमी असताना आला. जीप पुरती थांबायच्या आत त्यानं उडी मारली. छपरीत येऊन तो खाटेपाशी गुडघे टेकून बसला.

"आई, मी आलो नं वं. पाह्य नं इकडं."

बाईचे डोळे उघडे होते. श्वास संथ, भरदार चालला होता. रोशननं तिचा हात उचलून आपल्या गालावर ठेवला. त्यानं सोडल्यावर तो हात चादरीवर पडला आणि पडला तसाच राहिला. त्यानं तिला हलवलं, पुन्हा पुन्हा हाका मारल्या. ती छताच्या टिनाकडे पाहत होती, की कशाकडेच नाही, कोण जाणे.

"ओळख जाते कधी कधी," शाम म्हणाला. "येईन परत. जीव तर वाचला."

ओळख परत आली नाही. पेज तोंडात घातली की गिळायची, कूस बदलली की तशी पडून राहायची. डॉक्टरनं फोनवर सांगितलं की असं महिना चालेल, सहा महिनेही चालेल. गावातले लोक म्हणायचे, मुलासाठी थांबली बघा. रोशनला ते ऐकवत नव्हतं. आठ दिवसांतले पाच दिवस तो खाटेजवळून हलला नाही. त्यानं तिची नखं कापली, केस विंचरले, सिंगापूरच्या गोष्टी सांगितल्या. पोराचा चेहरा पाहून धर्मपालचा जीव तुटायचा.

"मामा, माह्यासाठी वाट पाहून राह्यली म्हणता," पाचव्या दिवशी दुपारी तो म्हणाला. दोघं छपरीच्या पायरीवर बसले होते. "मंग मी आलो तरी हे कोणाची वाट पाहून राह्यली?"

धर्मपाल पायरीवर पडलेला कापूस बोटांनी वेचत राहिला.

"तुमाले एक सांगू? हसाल तुमी. इमान मधात थांबलं होतं. दोन बार."

"काय बोलतं तू?"

"तेच नं. बाजूच्याले विचारलं, त्यानं माह्याकडं अशा नजरेनं पाह्यलं की मी चूप बसलो. कोणालेच समजलं नाही. सारे जसेच्या तसे बसले, कोणाचा हात वर, कोणाचं तोंड उघडं. मी एकटाच उठलो. दुसऱ्या बारी दार उघडं होतं. खाली विहीर होती, मामा. मी उतरून पाणी प्यालो. गोड पाणी. बोर्ड होता, मराठीत."

"काय लिवलं होतं?"

"विहीरगाव."

हे नाव धर्मपालच्या स्वतःच्या तोंडातून निघालेलं होतं. बाई आणि दीपा सोडून कुणी ते ऐकलं नव्हतं. त्यानं आत पाहिलं. दीपा दारात उभी होती आणि मानेनं नाही, नाही करत होती. तिनं रोशनला सांगितलेलं नव्हतं.

"आन तिसऱ्या बारी?" धर्मपालनं विचारलं.

"तिसऱ्या बारी नाही थांबलं. नुसतं हळू झालं. खाली पांढरी जमीन होती, झाड नाही, घर नाही. एक बाई उभी होती हात वर करून. पिशवी होती काखेत." रोशननं काखेशी हात धरून दाखवला. "आईसारखी दिसली, मामा. मी काच ठोकली. मान मोडेस्तोवर मागं पाह्यत राह्यलो. ते हात खाली घेत नव्हती."

धर्मपाल उठला आणि घरी गेला. त्या दिवशी तो जेवला नाही. बाई मुलाला घ्यायला निम्म्या वाटेपर्यंत गेली होती. आणि हात दाखवलेला प्रवासी त्यानं सोडला होता. दुसरं कुणी नाही, आपली बाई सोडली होती!

त्यानं रोशनला काही सांगितलं नाही. काय सांगणार? रोशन आठव्या दिवशी आईच्या पायांवर डोकं ठेवून निघाला. विमान पावणेएकचं होतं. दहाला जीप हैदराबादच्या अलीकडे पोचल्याचा फोन आला, तेव्हा दीपा छपरीत आली आणि धर्मपालसमोर उभी राहिली.

"मामाजी, या बारीनं थांबवजा."

"उलटी गाडी हाये, पोरी. तिकडं चालली. त्या गाडीत बसली तर..." त्यानं खाटेकडे पाहिलं. बाईची छाती वर-खाली होत होती. गालांवर थोडा रंगही आला होता. "इथं श्वास चालू हाये तिचा. मले बहीण हाये असं सांगू शकतो अजून."

"हे श्वास हाये, मामाजी. आई नाही हे." दीपानं बाईच्या कपाळावरून हात फिरवला. "माही सख्खी आई नाही, तरी चार वर्षं तिच्याच कुशीत झोपलो मी. मले काय वाटत नसन? पण आठ दिवस झाले, ते तिथं उभी हाये. ना झाड, ना घर. अजून किती दिवस उभं ठेवाचं तिले?"

धर्मपालनं तांब्यातला चमचा काढून पुसला. मग म्हणाला, "इमान सुटाच्या टाइमले फोन उघड."

पावणेएकला पिवळं विमान हैदराबादहून उठलं. धर्मपालनं दोनदा चमचा मारला. पांढरवाडी एक तासावर होती. त्या तासात तो बाईचा हात धरून बसला. पोरपणी ती त्याला असाच हात धरून बाजारात न्यायची, गर्दीत सुटू नये म्हणून घट्ट धरायची, मनगट दुखायचं.

पावणेदोन वाजले.

चमचा वर गेला आणि तिथंच राहिला. दीपानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर फोनवर होती.

टण्.

"पांढरवाडी," धर्मपाल म्हणाला.

विमान थांबलं. वेग शून्य.

बाईचा श्वास आत गेला. बाहेर आला.

तो वाट पाहत होता. म्हातारं माणूस चढायला वेळ लागतो. आधी पिशवी वर ठेवायची, मग दांडी धरायची, मग एक पाय.

श्वास आत गेला. हळूच बाहेर आला.

नंतर आत गेला नाही.

"मामाजी..." दीपाचा हुंदका फुटला. "मामाजी, आई..."

"थांब. बसू दे तिले. धक्का लागन."

अंगणात कापसाचा एक पुंजका वाऱ्यानं सरकत होता. विमान समुद्रावर उभं होतं. धर्मपालनं मनात पन्नास मोजले, मग अजून दहा. खिडकीजवळची जागा सापडली असेल, टेकली असेल, पदर सावरला असेल.

त्यानं दोनदा चमचा मारला.

वेगाच्या जागी आकडे आले. विमान पुढं निघालं. मग मात्र धर्मपाल बहिणीच्या छातीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

चारपर्यंत गाव जमलं. बायकांनी बाईच्या अंगावर पांढरं कापड टाकलं. शाम आला, त्यानं नाडी पाहायची म्हणून पाहिली. रोशनला कसं कळवायचं, यावर अंगणात बोलणं चाललं होतं. तो अजून हवेत होता. एकजण म्हणाला, उतरल्या उतरल्या नका सांगू, पोरगं एकटं हाये. धर्मपाल म्हणाला, मी सांगतो, मीच सांगीन.

साडेसहाला फोन वाजला. तो फोन घेऊन खाटेपाशी आला. लोक बाहेर होते. छपरीत दीपा होती आणि दोन म्हाताऱ्या.

"मामा, पोचलो. रूमवर आलो."

"बापू..." धर्मपालनं सुरुवात केली.

"थांबा, मामा. मले समजते तुमी काय सांगणार हा. आत्ताच नका सांगू." रोशनचा आवाज अगदी हळू होता, झोपलेल्या माणसाजवळून बोलतात तसा. "बाजूची सीट खाली होती. मधात भरली. रस्ताभर मले थोपटत होती. तुमचं नाव घेऊन हसली पण एकदा. इथं आली हाये माह्यासंग. बसली हाये पलंगावर."

फोनमध्ये, रोशनच्या आवाजाच्या मागं, कुणीतरी खोकलं. एकदा कोरडं, मग दोनदा ओलं. बाई आयुष्यभर असंच खोकत आली होती. दीपानंही ऐकलं. तिचा हात तोंडावर गेला.

"एकच विचाराचं होतं, मामा. तिच्या पायात काही नाही. इथली फरशी लय थंड हाये. खाली दुकान उघडं हाये अजून, घेऊन येतो. नंबर किती लागते तिले?"

धर्मपालनं खाली वाकून पांढऱ्या कापडाची कड उचलली. बाई दोन आठवडे खाटेवरून उतरली नव्हती. त्यानं वीत पसरून तिचं पाऊल मोजलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, आणि बोटं पावलावर तशीच ठेवून फोन कानाला लावला.

"पाच नंबर," तो म्हणाला. "पण जरा सैल घेजो, बापू. उभं राहून राहून पाय सुजले हायेत तिचे."